फुटक्या काकणांचा पडदा

पळस फुलला की मला काच फुटल्याचा आवाज ऐकू येतो. झरी गावाच्या पुढं जिंतूरकडं जाताना रस्त्याच्या कडेला अजून थोडे पळस उरलेत. परवा एसटीच्या खिडकीतून ते दिसले. एकही पान नसलेल्या काळ्या फांद्यांवर केशरी रंग नुसता उसळला होता, आणि मी दचकून मागं सरले. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन डोळ्यावर आलं." पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा धक्का अजून अंगात आहे, हे अनोळखी बाईला एसटीच्या खडखडाटात कसं सांगायचं?

तो मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. माझे बाबा शाळामास्तर होते आणि त्यांची बदली जिंतूरला झाली. घर शोधायला ते पायी फिरले. कुणी विचारायच्या आधीच ते सांगून टाकत, "आम्ही बौद्ध आहोत." मग कुणाची खोली कालच गेलेली असे, कुणाकडं पाहुणे राहायला येणार असत. शेवटी अप्पांनी हो म्हटलं. अप्पा सरकी-पेंडीचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. "मागच्या दोन खोल्या हायत. पेंडीची पोती ठिवायचो. चालत असंल तर ऱ्हावा," एवढंच ते म्हणाले. त्यांनी हो म्हटल्याचाच बाबांना इतका धक्का बसला की भाडं विचारायचं राहून गेलं.

खोल्या पाहिल्यावर पुढचा धक्का आम्हाला बसला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की पेंडीचा खवट वास अंगावर यायचा. पोती लागून लागून भिंती छातीएवढ्या उंचीपर्यंत तेलकट काळ्या झालेल्या. उजेडाला एकच खिडकी, तीही बसकी. माझी माय आमच्या पत्र्याच्या पेटीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती भिंतीकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही रडणार. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "शोभे, जयंतीपर्यंत या घराचं तोंड धुऊन काढू."

एप्रिलातली जयंती म्हणजे आमच्या वर्षातला सगळ्यात मोठा सण. तेव्हा फाल्गुन होता.

मायजवळ सजावटीला काही म्हणजे काही नव्हतं. जे होतं ते दुसऱ्यांनी टाकून दिलेलं. ओढ्याकाठून आम्ही पांढऱ्या मातीची ढेकळं आणली, ती भिजवून त्यात चिमूटभर नीळ घातली, आणि भिंतींवर हात फिरवला. पहिला हात त्या तेलानं पिऊन टाकला. दुसराही. तिसऱ्यांदा मात्र भिंत पांढरी राहिली आणि तिच्यात एक निळसर थंडावा आला. मी गाल टेकवून पाहिला तो. ओल्या मातीच्या वासाखाली पेंडीचा वास दबला, पुरता गेला मात्र कधीच नाही. दुपारी ऊन तापलं की तो हळूच वर यायचा.

मग पळस. आम्ही ओटी भरभरून फुलं आणली आणि मायनं ती मोठ्या पातेल्यात उकळली. बाबांचं विरलेलं धोतर त्या पाण्यात बुडवून वाळत घातलं, तर उजाडतानाच्या आभाळासारखा रंग चढला त्याला. ते खिडकीला लागलं. शेतातला कापूस वेचून झाल्यावर झाडावर वाळकी बोंडं राहतात ना, पाच पाकळ्यांची चांदणी उघडावी तशी, ती तिनं फांदीसकट आणली आणि चुन्यात बुडवून कोपऱ्यातल्या फुटक्या रांजणात रोवली. येणारा जाणारा विचारायचा, "ही कुठली फुलं हो?" दारावर तिनं शाळूच्या कणसांची जुडी टांगली. चिमण्या इतक्या यायच्या की सकाळी दार उघडताच भुर्रकन आवाज व्हायचा आणि बाबांचा चहा हिंदकळायचा.

आता माझी सून घर सजवायला सामान मागवते. खोकं येतं, त्यातून कागदी फुलं, दिव्यांच्या माळा निघतात. छान असतात. मी तिला परवा बोंडांच्या फांदीची गोष्ट सांगितली तर तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, फुकटात?" तिला नवल त्याचंच वाटलं. मला मात्र अजून नवल वाटतं ते मायच्या डोळ्यांचं. ओढ्यात, शेतात, उकिरड्याच्या कडेला तिला घर दिसायचं.

काकणं तिला तशीच दिसली. फुटलेली काकणं कोण जपून ठेवतं? पण मायनं गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलं. डोक्यावर टोपली घेऊन काकणं विकायला येणारी एक म्हातारी मन्यारीण होती. तिनं तर टोपलीच्या तळाचा सगळा चुरा आमच्या सुपात ओतला. "ले जाओ मां, मेरे क्या काम का?" म्हणाली. हिरव्या तुकड्यांचा ढीग, मधूनमधून लाल, पिवळा, एखादा निळा. माय मेणबत्तीच्या थोटकावर तुकडा धरायची. काच आधी काळवंडायची, मग लालसर व्हायची आणि मऊ पडायची. तेवढ्या क्षणात चिमट्यानं दोन्ही टोकं जुळवली की एक कडी तयार. त्या कडीत दुसरा तुकडा ओवायचा, तोही वाकवायचा. अशा साखळ्या वाढत वाढत गेल्या आणि मधल्या दाराला एक अख्खा पडदा झाला. वारा आला की दुपारच्या शांततेत तो किणकिणायचा. सकाळचं ऊन त्याच्यातून आत येताना जमिनीवर रंग सांडायचे. मी त्या रंगांवर पाय पडू नये म्हणून उड्या मारत जायची.

हे सगळं रोज बघायला यायची ती महानंदा, अप्पांची मुलगी. लग्नाच्या वयाची, सावळी, उंच, खांद्यातून थोडी वाकून चालणारी. तिला बघायला पाहुणे येत आणि नंतर निरोप येई की मुलगी पसंत नाही. असं इतक्यांदा झालं होतं की ती स्वतःच हसून सांगायची, "आणिक एक चहा वाया गेला, मामी." मायला ती मामी म्हणायची. बघायची तासन् तास, पण चिमटा हातात घ्यायची नाही. "मला न्हाई जमायचं. मला चटका बसतो," म्हणायची.

तिची आई, गिरजाकाकू, कधी आल्या नाहीत. वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. मळ्यातली वांगी आली की आम्हाला ठेवायच्या. पण सूप दोन्ही घरांच्या मधल्या अंगणात ठेवून माघारी फिरायच्या आणि पायरीवरून हाक द्यायच्या, "मास्तरीणबाई, भाजी ठिवली बगा!" अंगणाच्या मधोमध एक न दिसणारी रेघ होती. ती आम्हाला तिघांनाही नेमकी ठाऊक होती.

म्हणून गिरजाकाकू एका दुपारी त्या रेघेपाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माय हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आली.

"मास्तरीणबाई, सेलूचे पाव्हणे यायलेत महानंदाला बघायला. आमची बैठक कशी उदास दिसती. तुमचा तो काकणाचा पडदा, ते खिडकीचं कापड, ती फुलाची फांदी... दोन दिस द्या की. जपून ठिवते."

मायनं पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "न्या की. पोरीच्या कामाला येतंय तर न्या."

महानंदा आणि मी सगळं उचलून नेलं. मी पोर म्हणून चालले, मायला मात्र कुणी आत बोलावलं नाही. ती आमच्या दारातून सांगत राहिली, "वरच्या खिळ्याला बांधा... ओढू नका, हळू!" आमचं घर पुन्हा उघडं पडलं. मधल्या दारातून आता नुसता वारा यायचा, बिनआवाजाचा.

पाहुणे आले त्या दिवशी आम्ही मागच्या खोलीत होतो. अंगणाच्या कोपऱ्यात दोन्ही घरं जुळत, तिथं आमची आणि त्यांच्या बैठकीची भिंत एकच, वर हवेसाठी ठेवलेली झरोक्याची जागा. सगळं ऐकू यायचं. मुलाच्या आईचा आवाज ठसठशीत होता. ती म्हणाली, "हा पडदा तर लय भारी हाय हो. कुणी केला?"

गिरजाकाकू म्हणाल्या, "आमच्या महानंदानं. हे सगळं तिच्याच हातचं."

माय भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पायऱ्या उतरताना अचानक पायाखाली पायरी नसावी, तसं काहीतरी होतं. मी काही बोलणार तर तिनं पिठाच्या हातानंच मला गप्प केलं. अगदी हळू म्हणाली, "असू दे. जमलं तर जमू दे तिचं."

तेवढ्यात पलीकडून तो ठसठशीत आवाज पुन्हा आला, "मग पोरी, दाखीव बरं करून. काच वाकिवता कशी? मला बी शिकू दे."

पलीकडं बशीत कप ठेवल्याचा आवाज. आणि मग महानंदा. तिचा आवाज मी इतका सरळ कधी ऐकला नव्हता.

"मी न्हाई केलं. मागं ऱ्हातेत त्या मास्तरीणबाईनं केलं. मी नुसती बघत बसते. मला येत न्हाई."

तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी मायनं ती उलटली नाही. आम्ही दोघी त्या झरोक्याकडं तोंड वर करून बघत राहिलो, जणू पुढचं उत्तर तिथून खाली पडणार होतं. पाहुण्यांनी चहा संपवला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. नंतर गिरजाकाकूंचा आवाज फुटला, "तुला काय गरज होती बोलायची?" महानंदा म्हणाली, "सासरी रोज नवं करून दाखीव म्हणले असते तर कुठून आणू, आई?"

निरोप आला तो दोनच दिवसांत, मध्यस्थाच्या तोंडून. नकार. मुलगी तोंडाळ आहे म्हणाले. आणि दुसरी गोष्ट अशी की लग्नाच्या मुलीच्या दारात फुटकी काकणं टांगली होती. हे कसलं लक्षण?

हे आम्हाला नंतर कळलं. त्या सकाळी आम्हाला फक्त आवाज ऐकू आला.

चैत्र लागला होता, पळसाचा बहर सरत आला होता. माय अंगणात सडा टाकत होती. अचानक समोरून गिरजाकाकू धावतच आल्या. हातात पडदा, अख्खा, गोळा करून धरलेला. रेघेपाशी थांबल्या आणि त्यांनी तो वर उचलून दगडी पायरीवर आपटला.

तो आवाज मला सांगता येत नाही. भांडं पडल्याचा आवाज एकदा येतो आणि संपतो. हा संपतच नव्हता. तुकडे उडत होते, घरंगळत होते, थांबल्यावरही कुठंतरी आणखी एखादा किणकिणत होता. कणसांवरच्या चिमण्या एका झपाट्यात उडाल्या. माझ्या पायाच्या बोटाशी एक हिरवा तुकडा येऊन थांबला.

"अपशकून! फुटक्या काकणाचा अपशकून आणला माज्या घरात!" गिरजाकाकू ओरडल्या. त्यांच्या तळहातातून रक्त ओघळत होतं, त्यांना त्याचं भान नव्हतं. मग त्या मागं वळल्या आणि दार लागलं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आजच दुसरी खोली बघतो," ते म्हणाले. मी मायकडं बघितलं. ती सड्याचं भांडं हातात धरून तशीच उभी. अंगणभर ऊन चमकत होतं, पाय ठेवायला जागा नव्हती. अप्पांच्या दारातून महानंदा अनवाणी बाहेर आली आणि खाली बसून तुकडे वेचायला लागली, मान वर न करता.

माय तिच्याजवळ गेली. खाली बसली.

"वेच सावकाश," ती म्हणाली. "फुटक्या काकणाचंच केलं होतं. आणखीन फुटलं, एवढंच."

मी ते वाक्य आयुष्यात अनेकदा मनात घोळवलंय. तेव्हा मात्र मला मायचा रागच आला. मला वाटत होतं तिनंही ओरडावं. बाबांनाही तसंच वाटत असावं. पण माय तुकडा उन्हाकडं धरून बघत होती, आणि पुन्हा म्हणाली, "काकण भांडी घासताना फुटतं, जळण मोडताना फुटतं. त्याला काय कळतं शकुन?" हे ती महानंदाला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

तुकडे आता इतके बारीक झाले होते की वाकवून कडी होईना. माय दोन दिवस त्या सुपाकडं बघत बसली. बाबा खोल्या शोधून रोज रिकाम्या हातानं परत येत. तिसऱ्या दिवशी मायनं पांढरी माती भिजवली, आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीवर तिचा जाड थर दिला आणि माती ओली असताना त्यात एकेक तुकडा दाबायला सुरुवात केली. हिरव्याची वेल, लाल तुकड्यांची फुलं, पिवळ्याचे परागकण. महानंदा तुकडे निवडून द्यायची. आणि मग, मी बघत असतानाच, तिनं एक तुकडा स्वतः भिंतीत दाबला. वाकडा बसला. मायनं तो सरळ केला नाही.

बाबा संध्याकाळी घरी आले आणि दारातच थबकले. सायकल हातात तशीच. उतरत्या उन्हात ती भिंत आतून पेटल्यासारखी दिसत होती. मग त्यांनी खोली शोधण्याचं नाव काढलं नाही.

जयंतीच्या सकाळी आम्ही पांढरे कपडे घालून निघायच्या तयारीत होतो. खीर झाकून ठेवली होती. तेवढ्यात महानंदा आली आणि तिच्या मागं, तिनं मनगट धरून ओढून आणलेल्या, गिरजाकाकू. रेघ ओलांडून. अंगणाच्या ह्या बाजूला. मी जागच्या जागी खिळले.

"मामी, आईच्या हातात काच राह्यलीय. हात सुजलाय, कुणाला हात लावू देईना," महानंदा म्हणाली. "तुमची बोटं बारीक हायत. तुमीच काढा."

गिरजाकाकू दुसरीकडं बघत होत्या. तळहात सुजून लाल झाला होता. मायनं काही विचारलं नाही. पाट मांडला, गिरजाकाकूंना आमच्या उंबऱ्यावर बसवलं, सुई मेणबत्तीवर तापवली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. तो हात मायच्या हातात बघून मी अंगणाकडं वळून पाहिलं. कुणीतरी येऊन ओरडेल असं वाटत होतं. काच आत रुतली होती. गिरजाकाकूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यांनी हात मागं घेतला नाही. शेवटी माय म्हणाली, "ही बगा." सुईच्या टोकाला हिरवा कण होता, मोहरीएवढा.

माय हळद लावत होती तेव्हा गिरजाकाकूंची नजर पहिल्यांदा भिंतीवर गेली. त्या बघत राहिल्या. वेलीवरून फुलांवर, फुलांवरून पुन्हा वेलीवर.

"भिंत आमची हाय," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "इचारायचं तर होतं."

मायचा हात थांबला. "काढू का?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या." त्या उठल्या, दोन पावलं गेल्या, वळल्या. "म्या आपटायला नको होतं," म्हणाल्या आणि झपाझप निघून गेल्या. महानंदा मागं राहिली. त्या दिवशी ती आमच्याकडं खीर खाऊन गेली.

सगळं बदललं असं नाही. भाजीचं सूप कधी आमच्या दारापर्यंत यायचं, कधी मध्येच थांबायचं. ज्या दिवशी अप्पांकडं पाहुणेरावळे असत, त्या दिवशी बहुतेक मध्येच. माय दोन्ही वेळा तितक्याच शांतपणे ते उचलायची. तिला आत काय वाटायचं हे मी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

पुढच्या फाल्गुनात मानवतचे पाहुणे महानंदाला बघायला आले. या वेळी बैठकीत काहीच टांगलं नव्हतं, झाडून स्वच्छ केलेली तेवढी. पाहुणे यायच्या आधी गिरजाकाकू आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी बी या. बसा आमच्यात." माय इतकी गोंधळली की नेसत्या लुगड्यावरच निघाली. मी तिच्या पदराला धरून गेले. त्या घरात मी आत-बाहेर करायची, पण मायला तिथं सतरंजीवर बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. ती अंग चोरून, अगदी कडेला बसली.

मुलाच्या वडलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलीला काय काय येतं?"

गिरजाकाकू सरळ बसल्या. "सैपाक येतो. शिवणटिपण येतं. बाकी कलाबिला काई न्हाई. पण खोटं बोलत न्हाई. हे आमाला लय जड गेलंय, तुमाला बी जड जाईल. आधीच सांगून ठिवते."

अप्पांनी डोळे मिटून घेतले. महानंदानं पहिल्यांदाच मान वर केली आणि आईकडं असं बघितलं, की जणू ही बाई कोण असा तिला प्रश्न पडावा. मुलाचे वडील मोठ्यानं हसले. इतके, की त्यांच्या खांद्यावरचा गमचा खाली पडला. "चालतंय की," ते म्हणाले. "आमच्या घरात एक तरी असू द्या तसलं."

सगळे एकदम बोलायला लागले. त्या गडबडीत गिरजाकाकू चहा घेऊन आल्या. पाहुण्यांना दिला आणि मग तसलीच फुलांची कपबशी मायपुढं धरली. मायनं ती घेतली. बशीत कप थडथड वाजत होता, इतका की दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. गिरजाकाकूंनी खाली वाकून आपल्या दोन्ही हातांनी तो कप धरला आणि मायला नीट पकडता येईपर्यंत तसाच धरून ठेवला.